तिसरा हात : बंदूक, बॅटरी आणि बोटाखालचं बटण



मागच्या व्याख्यानानंतर चहा चालू होता तेव्हा एक तरुण आमच्याजवळ आला. बाहेरगावाहून ऐकणाऱ्यांसाठी सांगायला हवं, की आपल्या मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे इथल्या बाजारात, स्टेशनवर, फुलांच्या गाड्यांच्या गर्दीत खाकी कपड्यातली पोरं दिसणं हे आम्हाला नवं नाही. हा मुलगा मात्र इथलाच, सुट्टीवर आलेला. म्हणाला, "सर, रायफलला पुढं बॅटरी बसवलीय. तिचं बटण वेगळं असतं, वायरीनं मागं आणून चिकटवायचं. ते नेमकं कुठं लावावं म्हणजे हाताला बरं पडंल? वर लावलं तर अंगठा भरून येतो, बाजूला लावलं तर नकळत दाबलं जातं. तुम्ही तत्त्वज्ञानाचे, पण बोलताय हत्यारांच्या इतिहासावर, म्हणून विचारलं."

आम्ही हसलो. आणि मग घरी जाऊन हसलो नाही. कारण प्रश्न वाटतो तेवढा लहान नव्हता. आज जे बोलणार होतो ते बाजूला ठेवून त्या बटणावरच बोलायचं ठरवलं आहे.

आमच्या मराठवाड्यात टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. रात्रीची लाइट मिळते तेव्हा पिकाला पाणी द्यायला निघालेला माणूस तुम्ही पाहिलाच असेल. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. आता दार मोडायचं, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं, तर फावड्याला दोन हात लागतात. मग बॅटरी कुठं? काखेत, मानेत, नाहीतर दातात. साप कुठं आहे ते दिसायलाही हवं आणि फावडंही चालायला हवं. माणसाला देवानं हात दोनच दिले आणि रात्रीच्या कामाला तीन लागतात. या तिसऱ्या हाताची अडचण फार जुनी आहे. त्या जवानाच्या रायफलवरचं बटण हे तिच्यावरचं सगळ्यात ताजं उत्तर, एवढंच.

आधी हाताकडे बघू. पाणिनीनं करण या कारकाची व्याख्या करताना क्रिया साधायला सर्वांत जास्त उपकारक ते करण, असं म्हटलं. तिथं जोर 'सर्वांत जास्त' यावर आहे. ॲरिस्टॉटलनं हाताला साधनांचं साधन म्हटलं. हायडेगरनं १९२७ साली हातोड्याचं उदाहरण घेऊन सांगितलं, की हातोडा नीट चालत असतो तेव्हा तो आपल्या लक्षातच येत नाही. लक्षात येतो तो बिघडल्यावर. (हायडेगर आला नाही तर आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना चुकल्यासारखं वाटेल, म्हणून घेतला.) आमच्या भाषेत हे सगळं दोन शब्दांत आहे. सुताराचा 'हात बसला' म्हणतो आपण, आणि कुऱ्हाड 'हाताला बसली' असंही म्हणतो. हात हत्यारावर बसायला वर्षं लागतात. हत्यार हातावर बसायला सुतार लागतो.

गावचा सुतार कुऱ्हाडीला दांडा घालताना ज्याची कुऱ्हाड त्याला समोर उभं करायचा. हात लांब कर म्हणायचा, मूठ वळून दाखव म्हणायचा. खुरप्याची मूठ बाईच्या हाताची असेल तर बारीक करायचा. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती असं नाही, पण त्याचा भरवसा मुठीवर होता.

तलवारींचंही तेच झालं. सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपीय लोकांच्या मार्फत कोकण किनाऱ्यावर लांब, सरळ पाती येऊ लागली. पातं चांगलं, पण मूठ परकी. मग आपल्या कारागिरांनी काय केलं, तर पातं ठेवलं आणि मूठ बदलली. त्या तलवारीला आपण 'फिरंग' म्हणू लागलो. नाव पात्यावरून पडलं, पण वापरणाऱ्याच्या हाताला जे लागत होतं ते सगळं इथलंच होतं : बोटं झाकणारी जाळी, मुठीच्या मागे निघालेला एक दांडा, की दोन्ही हातांनी वार करायचा झाला तर दुसऱ्या हाताला धरायला काहीतरी हवं. हिंदुस्थानी तलवारीच्या मुठी बघून पुढे इंग्रजांना वाटायचं की या लोकांचे हात लहान असले पाहिजेत, आमची बोटं यात मावत नाहीत. हात लहान नव्हते. धरण्याची रीत वेगळी होती. पाठीमागची गोल चकती मनगटाला मर्यादा घालते आणि ओढून कापण्याचा वार सोपा करते. परक्याला जी अडचण वाटली ती आपल्या माणसाची सोय होती.

दांडपट्टा घ्या. त्यात तर मनगट मोकळं राहतच नाही. कोपराजवळपर्यंत लोखंडी आवरण, आत आडवी पकड, आणि पातं म्हणजे हाताचाच पुढचा भाग. वाघनख त्याच्या उलट. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ते साताऱ्याच्या संग्रहालयात आणलं, तेव्हा अनेकांनी रांगेत उभं राहून पाहिलं. त्याची दोन टोकांची दोन कडी बघा. एक तर्जनीसाठी, दुसरं करंगळीसाठी. मूठ मिटली की नखं आत आणि बाहेरून दिसतात फक्त दोन अंगठ्या. म्हणजे बोटांच्या नेमक्या जागेवरच त्या हत्याराचं सगळं गुपित आहे.

आणि आपल्या नांदेडला तर हे रोज पाहायला मिळतं. सचखंड हुजूर साहिबला संध्याकाळच्या आरतीनंतर तिथली शस्त्रं संगतीला दाखवली जातात. गुरू गोविंदसिंगांचा देह १७०८ च्या ऑक्टोबरात इथंच पडला. परंपरा अशी सांगते की वाराची जखम भरत आली होती, टाके घातलेले होते, आणि कोणीतरी आणलेलं एक कठीण धनुष्य त्यांनी ओढलं, त्या ताणानं टाके तुटले. धनुष्य हे असं एकच हत्यार, जे माणसाच्या अंगाच्या जोरावरच भरलं जातं. बंदुकीला ती अट नाही. बंदुकीचा चाप लहान मूलही ओढू शकतं. इथून पुढे हत्याराला आपला जोर लागत नाही, फक्त आपलं बोट लागतं. त्यामुळे बोट कुठं आहे हा प्रश्न मोठा झाला.

आता उजेडाकडे येऊ. पूर्वी तिसरा हात दुसऱ्या माणसाचा असायचा. मशालजी, दिवट्या, हिलालवाले ही स्वतंत्र माणसं होती. लढणाऱ्यानं लढायचं, उजेड धरणाऱ्यानं उजेड धरायचा. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सिंहगडाची हकीकत आहे. ४ फेब्रुवारी १६७०, माघातली काळोखी रात्र. मावळे वर चढले ते अंधारात. उजेड केला तो गडावरच्या लोकांनी, हिलाल आणि चंद्रज्योती लावून. आणि गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली, तो जाळ राजगडावरून महाराजांनी पाहिला. म्हणजे एकाच रात्री उजेडाची दोन कामं. ज्याला शोधायचं त्यानं लावला तो एक, आणि ज्याला कळवायचं त्यानं लावला तो दुसरा. तिसरंही काम आहे, फसवण्याचं. शाइस्तेखानावरच्या १६६३ च्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना घाटाकडे हाकललं आणि मोगल त्या उजेडामागे धावले, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार तिच्यावर मान डोलावतील असं नाही, पण 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला असं आपण सगळे मानतो. जिथं उजेड तिथं माणूस, हे समोरचा गृहीत धरतो, हे त्या गोष्टीला पक्कं माहीत आहे.

आणि गंमत बघा, बंदुकीवरचा पहिला दिवा विजेचा नाही. तोड्याच्या बंदुकीला जामगी असायची, सतत धुमसणारी वात. चाप ओढला की ती कानातल्या दारूवर टेकायची. तो निखारा अंधारात दुरून दिसायचा, त्याचा वास यायचा. लपून बसलेल्या बरकंदाजाचा पत्ता त्याची स्वतःची बंदूकच सांगायची. त्या उजेडाचा उपयोग बघायला काडीचाही नव्हता. तो फक्त मारण्यासाठी होता. पुढे चकमकीच्या, मग टोपीच्या बंदुका आल्या आणि बंदुकीवरचा विस्तव गेला. मग दोनेकशे वर्षांनी बंदुकीवर उजेड परत आला तो बघण्यासाठी. आमच्या मते हा फरक महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

विजेच्या हातबॅटरीचं अमेरिकेतलं पेटंट १८९९ सालचं, डेव्हिड मिसेल यांचं. पुढे त्यातूनच एव्हरेडीचा व्याप वाढला आणि दोन सेलची, तीन सेलची बॅटरी आपल्या खेड्यांत कोनाड्यात जाऊन बसली. ती बंदुकीला बांधण्याची खटपट शिकाऱ्यांनी केली. जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, रात्री. सरकारी नोंदीत त्या बिबट्याच्या नावावर १२५ माणसं होती. कॉर्बेट गुलाबराय इथं आंब्याच्या झाडावर बसला होता, खाली घंटा बांधलेली बकरी. घंटा वाजली. त्यानं रायफलीवरच्या टॉर्चचं बटण दाबलं, आणि बिबट्याचा खांदा नेमका माशीच्या रेषेत होता. त्यानं चाप दाबला, आणि दाबता दाबताच टॉर्च विझला. पुढची सगळी रात्र अंधारात, गोळी लागली की नाही हेही ठाऊक नाही. सकाळी बिबट्या मरून पडलेला दिसला. ही गोष्ट आम्ही शाळेत वाचली तेव्हा बिबट्या लक्षात राहिला. आता म्हातारपणी टॉर्च लक्षात राहतो. एक बोट उजेडाला, एक बोट चापाला, आणि दोघांमध्ये क्षणभराचं अंतर.

नंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो बहुतेक यंत्रांचाच आहे. मे १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत ओलीस सोडवायला ब्रिटिश कमांडो घुसले. त्यांतल्या काहींच्या छोट्या बंदुकांवर टॉर्च बसवलेले छायाचित्रांत दिसतात. १९९५ साली अमेरिकी लष्करानं पिकॅटिनी नावाची खाचांची पट्टी प्रमाण केली, म्हणजे ज्याला जे बसवायचं ते स्क्रू आवळून बसवता येईल. पांढरे एलईडी आले, फिलामेंट गेली, गोळीच्या धक्क्यानं दिवा विझायचं बंद झालं. पण टॉर्च नळीच्या पुढच्या टोकाशी हवा, नाहीतर नळीचीच सावली उजेडात पडते. आणि हात तर मागे आहे. मग टॉर्चपासून एक वायर मागे आणायची, तिच्या टोकाला रबरी दाबपट्टी, आणि ती पट्टी बोटाखाली येईल अशी चिकटवायची. हेच त्या मुलाचं बटण.

आता ते कुठं लावायचं? इथं आम्हाला एन्फिल्ड आठवते. थ्री-नॉट-थ्री म्हणून आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी परवापरवापर्यंत दिसायची, ईशापूरच्या कारखान्यात बनायची, ती. तिच्याबद्दल सगळे नेम आणि पल्ला सांगतात. आम्हाला तिचा दस्ता आवडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात या रायफलीचे दस्ते एका मापाचे नव्हते. नेहमीचा, लांब, आखूड, आणि अगदी ठेंगण्या सैनिकांसाठी त्याहून आखूड. अर्ध्या अर्ध्या इंचाचा फरक, आणि दस्त्यावर 'एल', 'एस', 'बी' अशी खूण. लाखोंनी रायफली काढणाऱ्या साम्राज्यालाही मान्य करावं लागलं की शिपायांचे हात सारखे नसतात. आमच्या गावच्या सुताराला हे कळायला महायुद्ध लागलं नव्हतं, पण ते असो.

पुढे मात्र 'सरासरी माणूस' नावाचं एक भूत शिरलं. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिट ज्यावरून बनवायचं त्या दहा मापांत सरासरीच्या जवळ बसणारे किती निघाले? एकही नाही. चार हजारांत एक नाही. सरासरीसाठी बनवलेली खुर्ची कोणाचीच नव्हती.

आपल्याकडे केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन, ८८ वी, १९८६ साली उभी राहिली. दल स्थापन झालं १९३९ मध्ये नीमचला, क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज पोलीस या नावानं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं त्या दलात बंदूक धरणारा हात पुरुषाचाच गृहीत होता. आता त्याच रायफलवर लहान पंजाची मुलगीही पहाऱ्याला उभी राहते. पुण्याच्या पाषाणला एआरडीईनं आखलेली इन्सास घ्या किंवा कलाश्निकोव्ह घ्या. कलाश्निकोव्हची सुरक्षेची खटकी उजव्या बाजूला आहे, ती हलवायची तर उजव्या हाताची पकड सैल करावी लागते. डावखुऱ्याचे हाल तर विचारूच नका. आता याच रायफलवर बटण लावायचं आणि त्याची जागा कोणीतरी कागदावर ठरवून देणार, तर ती कोणाच्या बोटाची जागा?

म्हणून आम्ही त्या मुलाला विचारलं, तू डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, आणि सांग डावा हात आपोआप कुठं जातो. तो म्हणाला, "मॅगझिनच्या बराच पुढं, खालून." आणि अंगठा? "डाव्या बाजूला, पुढं बघतो." मग बटण वर का लावलं? "सगळे वर लावतात म्हणून."

सोय म्हणजे काय, हे इथं कळतं. बटण दाबायला सोपं असणं म्हणजे सोय नव्हे. बटणासाठी पकड बदलावी लागू नये, ही सोय. वर लावलेलं बटण दाबायला अंगठा उचलून आडवा आणावा लागतो, तासभर गस्त झाली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. ज्यांची पकडच अंगठा वरून टाकण्याची आहे, त्यांना तेच बटण वर चांगलं. या मुलाची पकड तशी नाही. त्याचं बटण डाव्या बाजूला, अंगठ्याच्या पेरापासून थोडं पुढं हवं. अंगठ्याच्या खाली नको. खाली असेल तर रायफल नुसती धरली तरी दिवा लागतो. थोडं पुढं असेल तर अंगठा मुद्दाम सरकवावा लागतो, आणि तेवढा मुद्दामपणा हवाच. शिवाय हातमोजा घालून बघायला हवं, घामानं हात ओला असताना बघायला हवं, उजवा खांदा सोडून डाव्या खांद्याला रायफल लावली तर काय होतं तेही बघायला हवं. भिंतीला किंवा पोत्याला टेकवल्यावर ते दाबलं जाऊ नये. पट्ट्यानं पाठीवर टाकल्यावर तर मुळीच नाही, कारण अंधारात चालणाऱ्या तुकडीत एकाचा दिवा चुकून लागला की सगळ्यांची जामगी पेटली. वायर सैल राहिली तर झुडपात अडकते. नळीच्या फार जवळ गेली तर तापते. आणि शक्य तर बटण असं घ्यावं जे दाबेपर्यंतच पेटेल आणि बोट उचललं की विझेल.

हे सगळं त्या मुलाला आमच्याहून जास्त कळतं. आम्ही फक्त विचारत गेलो, तोच सांगत गेला.

पण एक गोष्ट त्याला आम्ही सांगितली. उजेडाचं बटण डाव्या हाताला आहे आणि चाप उजव्या हाताला, हा योगायोग समजू नकोस. अमेरिकेत पिस्तुलाच्या मुठीवरच, चापाच्या बोटाशेजारच्या बोटाला, दिव्याची कळ देण्याचा प्रकार निघाला. सोय म्हणाल तर केवढी, एकाच हातात सगळं. मग दिवा लावायला गेलेल्या हातानं चाप ओढला गेल्याच्या तक्रारी आल्या, कोर्टकज्जे झाले. कोलोरॅडो विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी २००३ साली याच विषयावर लिहिलं, की एका हाताचे स्नायू जोरानं आवळले तर दुसऱ्या हाताचेही नकळत आवळतात, तोल गेला तरी आवळतात, दचकलं तरी आवळतात. एकाच हाताच्या दोन बोटांचं तर काय सांगावं. म्हणजे डावा अंगठा जिवाच्या आकांतानं दाबावा लागेल इतकं घट्ट किंवा इतकं लांब बटण असेल, तर उजवी तर्जनीही आवळली जाणार. अंगठा भरून येणं ही नुसती दुखण्याची गोष्ट नाही, मुला. आणि त्यावेळी तुझं उजवं बोट चापावर असूच नये, हे तर तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं असेल.

'डाव्या हाताचा मळ' म्हणजे सोपं काम असं आपण म्हणतो. इथं उलटं आहे. कठीण काम डाव्या हाताकडे आहे. समोर कोण आहे हे त्यानं ठरवायचं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो, आणि ते थोडं घरचं आहे. आमच्या आजीला उजेडाची भीती वाटायची. दिवा लावायला भीत नव्हती, दुसऱ्यानं आपल्यावर टाकलेल्या उजेडाला भीत होती. ती रझाकारांच्या काळातली बाई. कासीम रझवी वकिली करायचा ती लातूरला, आणि त्याचे लोक गावोगाव फिरायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ तारखेदरम्यान, हिंदी फौजा आल्या आणि ते पर्व संपलं. त्याआधीच्या रात्री आजी सांगायची, की वेशीकडून उजेड हलताना दिसला की घरातला दिवा फुंकून टाकायचा आणि पोरांच्या तोंडावर हात ठेवायचा. उजेड ज्याच्या हातात आहे त्याला काय दिसतं हे इतिहासात लिहिलं जातं. उजेड ज्याच्या तोंडावर आहे त्याला काही दिसत नाही. त्याला फक्त एक पांढरा गोळा दिसतो आणि त्याच्या मागून आवाज येतो.

आम्ही स्वतः तो गोळा एकदा पाहिला आहे. पन्नासेक वर्षं झाली. रात्रीच्या गाडीनं उतरून पायी निघालो होतो, पावसाळा, काखेत छत्री. वाटेत एका पुलावर पहारा होता. कोणत्या खात्याचा ते महत्त्वाचं नाही. "थम! कौन आता है?" आम्ही थांबलो. बॅटरी लागली. आधी आमच्या पायांवर. मग हातांवर. मग काखेतल्या छत्रीवर, तिथं ती बराच वेळ थांबली. लांबट, काळी, एका टोकाला बाक असलेली वस्तू काखेत दाबून एक माणूस मध्यरात्री पुलाकडे येतोय. मग उजेड तोंडावर आला, आणि लगेच खाली गेला. "छत्री हाय होय," असं म्हणून तो हसला. आमच्याच भागातला निघाला.

त्या माणसाची बॅटरी डाव्या हातात होती आणि थ्री-नॉट-थ्री उजव्या खांद्यावर. आता कल्पना करा, की तीच बॅटरी रायफलीच्या तोंडाशी बांधलेली आहे. तर त्या रात्री आमच्या पायांवरून, हातांवरून, छत्रीवरून आणि शेवटी तोंडावरून जे फिरलं ते नळीचं तोंड असतं. त्याला आम्हाला बघायचं असतं, तर आमच्यावर नेम धरावाच लागला असता. बघणं आणि रोखणं या दोन क्रिया त्या स्क्रूनं एकत्र आवळून टाकल्या. त्यात आणि बटण इतकं सोयीचं, की हात बॅटरीसाठी खिशाकडे जाण्याआधी अंगठा तिकडेच जातो. जे सोपं असतं तेच माणूस करतो, भ्यालेला तर नक्की करतो. आणि पुलावरचा पहारेकरी भ्यालेला नसतो असं ज्याला वाटतं, त्यानं एक रात्र पुलावर काढून बघावी.

जाणते प्रशिक्षक हे ओळखून आहेत. रायफलवरचा दिवा शोधाशोध करायला वापरू नका, त्याच्यासाठी हातातली वेगळी बॅटरी ठेवा, असं ते शिकवतात. अगदीच रायफलचा दिवा लावावा लागला तर जमिनीवर नाहीतर छताकडे टाका, परतून येणाऱ्या उजेडात माणूस आणि त्याचे हात दिसतात, तोंडावर नळी जात नाही. आमच्या पुलावरच्या माणसानं हे कुठं शिकलं असेल कोण जाणे. पाय, हात, छत्री, तोंड, हा क्रम मात्र अगदी बरोबर होता. तोंड शेवटी, कारण हातात काय आहे ते तोंड सांगत नाही.

हे आम्ही त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, वेगळी बॅटरी धरायची तर रायफल एकाच हातात राहिली. मग परत तुमचा तो तिसरा हात आलाच की."

बरोबर होतं त्याचं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही म्हटलं, तुकडीत तू एकटा असतोस का? म्हणाला, नाही, जोडीनं असतो. मग जोडीदाराचा हात हाच तिसरा हात, पूर्वी मशालजी असायचा तसा. एकानं रायफल रोखलेली नाही पण तयार ठेवायची, दुसऱ्यानं बॅटरी धरून बघायचं. त्यावर तो म्हणाला, "आणि जोडीदार नसला तर?" तोवर चहा संपला होता आणि त्याच्या आईचा फोन आला.

परवा त्याचा निरोप आला. बटण डाव्या बाजूला घेतलं आहे, अंगठ्याच्या दोन बोटं पुढे, वायर टेपनं पक्की केली आहे, आणि आता अंगठा भरून येत नाही. शिवाय बाजारातून एक लहान बॅटरी घेऊन छातीच्या डाव्या खिशात ठेवली आहे, डाव्या हाताला पटकन येईल अशी. ती सरकारी यादीत नाही, त्यामुळे पैसे त्याचेच गेले. सेल किती दिवस टिकतात ते पुढच्या सुट्टीत येऊन सांगणार आहे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत जे आजोबा केव्हाचे हात वर करून बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.